वाकून पाहणारी माणसे : रत्नागिरीच्या रानातील सूक्ष्म छायाचित्रणाचा पूर्वेतिहास

रत्नागिरी म्हटले की हापूस आंबा, थिबा राजाचा वाडा, लोकमान्यांचे जन्मस्थान आणि निळाशार समुद्र एवढ्या गोष्टी आपल्या डोळ्यांसमोर उभ्या राहतात. या सर्व गोष्टी दुरूनही दिसतात. परंतु पावसाळ्याच्या दिवसांत याच जिल्ह्यातील एखाद्या कातळसड्यावर किंवा देवराईत गेल्यास निराळेच दृश्य नजरेस पडते. काही माणसे ओल्या जमिनीवर गुडघे टेकून, प्रसंगी पालथी पडून, कॅमेऱ्याचे भिंग मातीपासून चार बोटांवर धरून कितीतरी वेळ निश्चल असतात. त्यांच्यात कोणी शिक्षक असतो, कोणी बँकेतील कर्मचारी, कोणी डॉक्टर, तर कोणी महाविद्यालयात शिकणारी मुलगी. या छंदाला ती ‘मॅक्रो फोटोग्राफी’ म्हणतात. मुंगीचा जबडा, कोळ्याचे आठ डोळे, गवतफुलातील परागकण अशा नुसत्या डोळ्यांना नीट न दिसणाऱ्या वस्तूंचे मोठे व रेखीव चित्र घेणे, हा त्या छंदाचा गाभा.

हे नव्या यंत्रयुगाचे खूळ आहे, असे आपल्यापैकी अनेकांना वाटते. आम्हांला मात्र तसे वाटत नाही. कॅमेरा नवा असला तरी वाकून पाहण्याची ही परंपरा या किनाऱ्यावर दीडशे वर्षांची आहे. तिच्यात सरकारी अधिकारी आहेत, हौशी निसर्गप्रेमी आहेत आणि आपल्या धर्मगुरूंपैकी काही थोर नावेही आहेत. ती परंपरा थोडक्यात सांगावी, आणि आज तिचा आपल्या घरादाराशी, जमीनजुमल्याशी काय संबंध पोहोचतो याचा विचार करावा, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

मोजदाद मेलेल्यांची

रत्नागिरीच्या लहान जिवांची पहिली मोठी सरकारी नोंद ही त्यांच्या मृत्यूची नोंद आहे. फुरसे हा वीतदीड वीत लांबीचा विषारी साप कातळावरच्या सैल दगडांखाली राहतो. अनवाणी हिंडणाऱ्या शेतकऱ्याला तो चावे आणि माणसे दगावत. म्हणून ब्रिटिश सरकारने मारलेल्या फुरशामागे इनाम लावले. १८६२ च्या डिसेंबर महिन्यात अवघ्या काही दिवसांत लाखाहून अधिक फुरशी मारून कचेऱ्यांत आणून टाकली गेली. हा आकडा वाचून आजही मन थक्क होते. ज्यांच्या घरातले माणूस सर्पदंशाने गेले, त्यांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. तरीही एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. एवढी फुरशी मोजली गेली, पण त्या प्राण्याचे जीवन कसे असते, तो काय खातो, पिले कधी घालतो, हे पाहण्याची निकड त्या मोजणीत नव्हती. मोजणे आणि पाहणे या दोन निराळ्या क्रिया आहेत.

पाहण्याची सुरुवात त्यानंतर थोड्याच वर्षांत झाली. मुलकी सेवेतील जी. डब्ल्यू. व्हिडाल या अधिकाऱ्याने दक्षिण कोकणातील पक्ष्यांची पहिली पद्धतशीर यादी १८८० साली ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली. त्याच वर्षी रत्नागिरी व सावंतवाडीचे गॅझेटिअर छापून निघाले. त्या काळी रत्नागिरी जिल्हा फार विस्तीर्ण होता. आजचा सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी त्यातून वेगळा काढण्यात आला. म्हणजे मालवण, वेंगुर्ले ही सारी जुन्या रत्नागिरीचीच लेकरे.

मिठागरांवरील ‘ईहा’

१८८३ साली मुंबईत आठ हौशी मंडळींनी एकत्र येऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना केली. त्या आठांपैकी एक एडवर्ड हॅमिल्टन एटकेन. एका स्कॉटिश मिशनऱ्याचा हा मुलगा १८५१ साली साताऱ्यास जन्मला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात काही वर्षे त्याने लॅटिन शिकविले व १८७६ पासून जकात आणि मीठ खात्यात नोकरी केली. उरण, कारवार, गोव्याची सरहद्द आणि रत्नागिरी येथे त्याच्या नेमणुका झाल्या. आपल्या नावाची आद्याक्षरे जुळवून ‘ईहा’ या टोपणनावाने त्याने लिहिलेली पुस्तके अजूनही वाचली जातात. बंगल्याच्या ओसरीवर येणाऱ्या मुंग्या, गांधीलमाश्या, पाली यांच्याविषयी तो अशा आपुलकीने व विनोदाने लिहितो, की जणू आळीतल्या शेजाऱ्यांच्याच गोष्टी सांगत आहे.

एटकेन, कारवारचे जिल्हाधिकारी जेम्स डेव्हिडसन व वनाधिकारी टी. आर. बेल या तिघांनी मिळून उत्तर कानडा जिल्ह्यातील फुलपाखरांचा जो अभ्यास १८९६ च्या सुमारास प्रसिद्ध केला, तो आमच्या मते या परंपरेतील पहिला महत्त्वाचा टप्पा होय. त्यांनी नुसती फुलपाखरे पकडून टाचणीला लावली नाहीत. त्यांनी अळ्या शोधल्या, कोणती अळी कोणत्या झाडाचे पान खाते हे पाहिले, त्या घरी वाढविल्या आणि त्यांच्या रंगरूपाची बारकाईने वर्णने लिहिली. आज एखादा हौशी छायाचित्रकार कढीपत्त्याच्या पानावरील अळीचे चित्र काढतो तेव्हा तो त्या तिघांनी घालून दिलेल्या वाटेनेच चालत असतो. फरक एवढाच, की त्यांच्याजवळ लेखणी होती, याच्याजवळ भिंग आहे.

झेवियर्समधील वाळलेली पाने

या इतिहासातील पुढील पर्व आपल्या वाचकांना विशेष अभिमान वाटावा असे आहे. १९०३ साली स्वित्झर्लंडहून फादर एथेलबर्ट ब्लाटर हे येशूसंघीय धर्मगुरू मुंबईस आले. सेंट झेवियर्स महाविद्यालयात त्यांनी १९०६ साली वनस्पतींचे जे संग्रहालय सुरू केले, ते आज ब्लाटर हर्बेरियम म्हणून जगभरच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. दाबून वाळविलेली पाने, फुले, मुळे, आणि त्यांच्या खाली टिपलेले स्थळ, दिवस व गोळा करणाऱ्याचे नाव, अशा या कागदांच्या चळतींत पश्चिम किनाऱ्याचे एक हिरवे दप्तर जतन झाले आहे. फादर ब्लाटर १९३४ साली पाचगणीस निवर्तले. त्यांचे सहकारी चार्ल्स मॅकॅन यांच्यासह लिहिलेला मुंबई इलाख्यातील गवतांवरचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १९३५ साली प्रकाशित झाला. गवत ही आपण पायदळी तुडवितो ती वस्तू. तिच्यावर एका धर्मगुरूने आयुष्याची इतकी वर्षे वेचावीत, यातच पुष्कळ काही आले.

त्यांच्यानंतर फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव यांनी ती धुरा वाहिली. १९०३ साली स्पेनमध्ये जन्मलेले हे येशूसंघीय १९२८ साली भारतात आले व या देशाचेच झाले. खंडाळ्याच्या डोंगरांत वर्षानुवर्षे पायी हिंडून त्यांनी तेथील वनस्पतींचा जो ग्रंथ १९५३ साली सिद्ध केला, तो घाटमाथ्यावरील अभ्यासाचा आदर्श मानला जातो. पुढे १९६१ ते १९६७ या काळात ते भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे संचालक होते. १९६७ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. १९७० साली त्यांचे देहावसान झाले. ‘सेरोपेजिया’ या कंदवर्गीय वेलींपैकी एका दुर्मीळ जातीस ‘सांतापावी’ हे नाव देऊन वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्यांची स्मृती जपली आहे. ब्लाटर हर्बेरियमच्याच परंपरेतून एस. एम. आल्मेडा यांचा सावंतवाडीच्या वनस्पतींवरील द्विखंडात्मक ग्रंथ १९९० साली निघाला आणि एम. आर. आल्मेडा यांच्या महाराष्ट्राच्या वनस्पतींवरील ग्रंथाचे खंड १९९६ पासून प्रसिद्ध होऊ लागले.

येथे एक मर्यादा मात्र सांगितली पाहिजे. वाळलेल्या फुलाचा रंग उडतो, पाकळीची ठेवण मोडते, आणि त्यावर बसलेला कीटक तर कधीच उडून गेलेला असतो. संग्रहालयातील कागद ‘हे येथे होते’ एवढे सांगतो. ‘ते कसे जगत होते’ हे सांगण्यासाठी दुसऱ्या साधनाची गरज होती. ते साधन म्हणजे कॅमेरा.

भिंग उलटे लावण्याची युक्ती

मुंबईत छायाचित्रकारांची संस्था १८५४ साली स्थापन झाली. म्हणजे ही कला आपल्याकडे फार उशिरा आली असे नाही. परंतु त्या काळचे अवजड कॅमेरे, काचेच्या ताटल्या व दीर्घ वेळ द्यावा लागणारा प्रकाश यांमुळे हलत्या मुंगीचे चित्र घेणे अशक्यप्राय होते. तरीही जगात ज्यांनी लहान वस्तूंकडे कॅमेरा प्रथम वळविला, त्यांत हौशी माणसे पुढे होती. अमेरिकेतील विल्सन बेंटली या शेतकऱ्याने १८८५ साली हिमकणाचे सूक्ष्म छायाचित्र घेतले व पुढे आयुष्यभर पाच हजारांहून अधिक हिमकण टिपले. बर्लिनमधील कलाशिक्षक कार्ल ब्लॉसफेल्ट याने स्वतः तयार केलेल्या कॅमेऱ्याने कळ्या, तणावे आणि बिया अनेक पट मोठ्या करून दाखविल्या. त्याचे चित्रांचे पुस्तक १९२८ साली निघाले, तेव्हा लोकांनी रानटी झाडांत मंदिरांची खांबशिल्पे पाहिली.

१९३६ साली जर्मनीत ‘किने एक्झाक्टा’ हा कॅमेरा बाजारात आला. त्यात आरशाच्या साह्याने थेट भिंगातूनच पाहता येई. दिसते तेच उमटते, अशी खात्री छायाचित्रकाराला मिळाली, आणि जवळच्या वस्तूंसाठी ही गोष्ट अत्यंत मोलाची होती. १९५५ साली हाइन्झ किल्फिट याचे ‘माक्रो-किलार’ हे खास जवळून पाहणारे भिंग आले. १९५६ साली जपानमध्ये ‘मायक्रो-निक्कोर’ भिंग तयार झाले. त्याचा मूळ हेतू जपानी लिपीतील बारीक अक्षरांची कागदपत्रे सूक्ष्मफितीवर उतरविणे हा होता. कागदांसाठी घडविलेले भिंग पुढे कीटकांच्या कामी आले, ही मोठी गमतीची गोष्ट आहे.

आपल्याकडे मात्र ही भिंगे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होती. परदेशी वस्तूंच्या आयातीवर कडक निर्बंध होते. घरोघरी असलेल्या साध्या पेटी-कॅमेऱ्यातून हातभर अंतरावरचे काहीही स्पष्ट येत नसे. तेव्हा हौशी मंडळींनी नाना युक्त्या योजल्या. कोणी कॅमेरा व भिंग यांच्यामध्ये पोकळ नळी बसविली. भिंग फिल्मपासून जितके दूर, तितकी प्रतिमा मोठी, हे त्यामागील तत्त्व. कोणी नेहमीचेच भिंग कडी लावून उलटे बसविले. कोणी वाचण्याचे भिंग पुढे धरले. छत्तीस चित्रांचा एक रोल जपून वापरायचा, तो धुण्यास शहरात पाठवायचा, आणि आठवड्यांनंतर पारदर्शिका हाती आल्या की त्यांतील चारदोनच कामाच्या निघायच्या. वाचकांपैकी वडीलधाऱ्यांना ते दिवस आठवत असतील.

या कामातील खरी अडचण आजही तीच आहे. वस्तू जितकी मोठी करावी तितका स्पष्टतेचा पट्टा अरुंद होतो. फिल्मवरील प्रतिमा वस्तूच्याच आकाराची असेल, तर कित्येकदा एखाद्या मिलिमीटरइतकाच भाग रेखीव येतो. डोळा स्पष्ट आला तर पाय धूसर. वाऱ्याची लहानशी झुळूक आली तरी फूल चौकटीबाहेर जाते. म्हणून मंडळी पहाटे निघतात, कारण थंडाव्याने कीटक मंद असतात व त्यांच्या अंगावर दव असते. ते श्वास रोखतात, वाट पाहतात. या छंदात यंत्रापेक्षा धीर अधिक लागतो, असे जाणकार सांगतात ते उगाच नव्हे.

सड्यावरील अदृश्य वस्ती

हे सारे रत्नागिरीतच का बहरावे? त्याचे उत्तर जांभ्या दगडात आहे. जिल्ह्याच्या मोठ्या भागात उघडे कातळ पसरले आहेत. आपण त्यांस सडा म्हणतो. उन्हाळ्यात तेथे पाय ठेववत नाही, इतका तो तापतो. परक्या माणसाला ती ओसाड, निरुपयोगी जमीन वाटते. परंतु मृगाचा पाऊस पडला की चित्र पालटते. प्रथम मखमली तांबडा मृगाचा किडा मातीतून वर येतो. मग दगडांच्या खळग्यांत पाणी साठते, बोटभर मातीत कोकण दिपकाडीची पांढरी फुले उभी राहतात. पुढे ‘सीतेची आसवे’ निळीजांभळी डोलू लागतात. ती फुले दिसायला नाजूक, पण त्यांच्या मुळाशी असलेल्या सूक्ष्म फुग्यांत पाण्यातले बारीक जीव ओढून घेतले जातात. शेजारी दवबिंदू ही वनस्पती चिकट थेंबांच्या केसांनी चिलटे धरते. गेंदाची पांढरी बोंडे, आभाळीची निळाई, तेरड्याची गुलाबी रेषा, हा सोहळा मरियामातेच्या जन्मोत्सवाच्या, म्हणजे आठ सप्टेंबरच्या, सुमारास ऐन भरात असतो. पाऊस सरला की तो विरून जातो.

या सड्याने शास्त्राला दिलेल्या देणग्या पाहा. रत्नागिरी जिल्ह्यातील दोर्ले या गावी सापडलेल्या एका लहान पालीचे वर्णन ए. जी. सी. ग्रँडिसन आणि पी. डब्ल्यू. सोमण यांनी १९६३ साली प्रसिद्ध केले. पांढऱ्या पट्ट्यांची ही पाल भिंतीवर चढत नाही, कातळावरील सुट्या दगडांखाली राहते. त्याच दोर्ले गावावरून ओळखल्या गेलेल्या एका देवगांडुळाचे, म्हणजे मातीत राहणाऱ्या पाय नसलेल्या उभयचराचे, वर्णन २००३ साली झाले. जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातील आंबोलीचा वाघासारख्या पट्ट्यांचा भेक २००९ साली शास्त्राला नवा म्हणून नोंदला गेला. तो जांभ्याच्या उथळ खळग्यांत अंडी घालतो. आंबोलीच्याच हिरण्यकेशी उगमाशी आढळलेला एक चिमुकला मासा २०२० साली नव्या जातीचा ठरला, आणि २०२१ साली शासनाने ते स्थळ जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित केले. एका तळहातावर मावणाऱ्या माशाने डोंगरातील झऱ्याला कायद्याचे छत्र मिळवून दिले.

हौशी छायाचित्रकारांचे या कामातील साह्य मोठे आहे. आयझॅक किहिमकर यांच्या भारतीय फुलपाखरांवरील २००८ च्या पुस्तकात जिवंत फुलपाखरांची रानातील छायाचित्रे आहेत. पूर्वी जे ओळखण्यासाठी जीव मारावा लागे, ते चित्रावरून ओळखण्याची सवय सामान्य वाचकाला लागली. महाराष्ट्राने २०१५ साली राणी पाकोळीस राज्य फुलपाखरू म्हणून मान दिला, आणि असे करणारे ते देशातील पहिले राज्य ठरले. २०२१ साली ठाणे परिसरातील एका उडी मारणाऱ्या कोळ्याला ‘आयसियस तुकारामी’ हे नाव मिळाले. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात प्राणार्पण करणारे पोलीस तुकाराम ओंबळे यांचे ते स्मारक होय. काही मिलिमीटरांचा जीव आणि एवढे मोठे नाव. चित्राने सर्वच प्रश्न सुटतात असे मात्र नाही. कित्येक जाती निश्चित करण्यास आजही नमुना व सूक्ष्मदर्शक लागतोच. परंतु कोठे पाहावे, हे चित्र सांगते.

आपल्या दाराशी आलेला प्रश्न

आता आम्ही मुख्य मुद्द्याकडे येतो. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी राखीव जंगल अगदी थोडे आहे. येथील बहुतेक रान, राई व सडा खाजगी मालकीचा आहे. म्हणजे वाघासाठी जसे अभयारण्य राखता येते, तसे या पालीसाठी किंवा गेंदाच्या बोंडासाठी राखलेले नाही. त्यांचे भवितव्य सातबाराच्या उताऱ्यावर ज्यांची नावे आहेत, त्यांच्या हाती आहे. त्यांत आपल्यापैकी अनेक कुटुंबेही असतील.

सड्यावर चिऱ्याच्या खाणी निघतात. आपली घरे व आपली मंदिरे त्याच चिऱ्यांची आहेत, हे आम्ही विसरलेलो नाही. कातळात सुरुंग लावून, बाहेरची माती भरून आंबा व काजूच्या बागा उठविल्या जातात. त्या बागांवर मुलांची शिक्षणे झाली, लग्ने झाली. म्हणून ‘काहीही करू नका’ असा उपदेश करणे सोपे असले तरी प्रामाणिकपणाचे नाही. पण सर्व सडा एकदम उलटवण्याची गरज असतेच असे नाही. पाण्याचे खळगे असलेला तुकडा, देवराईच्या कडेची पट्टी, झऱ्याचा उगम एवढे जरी जागच्या जागी राहू दिले, तरी पुष्कळ जीव तगतील. एकदा फोडलेला कातळ मात्र पुन्हा सांधता येत नाही. जेथे काय होते याचे एकही चित्र नाही, तेथे काय गेले हेही कोणास कळणार नाही.

छायाचित्रकारांनाही दोन शब्द सांगावेसे वाटतात. चांगल्या चित्राच्या हव्यासाने कीटकाला बर्फात गारठवणे, फुलाभोवतीचे गवत उपटणे, दगड उलटून तसाच टाकणे, असे प्रकार घडतात. दगडाखालची ओल हे त्या पालीचे घर असते. छप्पर उघडे टाकून जाणाऱ्या पाहुण्याला आपण काय म्हणू? तसेच दुर्मीळ प्राण्याचा किंवा कंदाचा नेमका ठावठिकाणा जगजाहीर केला, की तो पकडून वा खणून नेणारेही तेथे पोहोचतात. नोंद अभ्यासकाकडे द्यावी, पत्ता चारचौघांत फोडू नये, हा नियम पाळण्यासारखा आहे.

आज हा छंद पूर्वीसारखा खर्चिक राहिलेला नाही. पुष्कळ मोबाइल फोनांतून जवळचे चित्र बरे निघते. आमची आपल्या धर्मग्रामांतील शिक्षकांना व युवकांना सूचना अशी, की चर्चच्या आवारात, दफनभूमीच्या गडग्यावर, शाळेमागच्या आंब्यावर जे जीव आहेत त्यांची एक वर्षभर चित्रे घ्यावीत, आणि प्रत्येक चित्राखाली फादर ब्लाटर यांच्या कागदांप्रमाणे स्थळ व तारीख लिहावी. हापूसच्या पानांची घरटी शिवणाऱ्या लाल मुंग्या, ज्यांस आपण ओंबील म्हणतो, आपल्याच अळ्यांच्या मुखातील रेशमाने पान पानाला जोडतात. हे दृश्य पाहण्यास कोणत्याही दूरच्या अरण्यात जावे लागत नाही. रानातील फुलांचा दाखला आपण मिस्सेत ऐकतो. तो दाखला देणाऱ्याने ती फुले नीट पाहिली असली पाहिजेत.

१८६२ साली या जिल्ह्यात मेलेल्या जिवांचा हिशेब लागला. एटकेनने जिवंत शेजाऱ्यांच्या गोष्टी सांगितल्या, आपल्या धर्मगुरूंनी पाने-फुले जपून ठेवली, आणि आजची हौशी मंडळी जीव जागच्या जागी ठेवून त्याची प्रतिमा घेऊन परत येतात. दीडशे वर्षांत माणसाची नजर इतकी मवाळ झाली, ही गोष्ट लहान नाही. ती नजर सड्यावरून घरी, आणि घरातून जमिनीच्या व्यवहारापर्यंत पोहोचते की नाही, यावर पुढील पिढीला दोर्ल्याची पाल दगडाखाली दिसेल की फक्त चित्रात, हे ठरणार आहे.